मोकळी, कोरी आणि बाद : टेपांच्या दप्तरातली भाषा

"दादा, स्क्रॅच होत्या तेवढ्या सगळ्या काढून ठेवल्या मी."

रात्रीचे अडीच वाजले असतील. पेणचा एक मुलगा महिनाभरापूर्वीच कामाला लागला होता. समोरच्या टेबलावर त्याने चाळीसेक टेपा नीट रचून ठेवल्या होत्या. मी विचारले, "काढल्यास का?" तो म्हणाला, "मॉनिटरवर त्यांच्यापुढे स्क्रॅच दाखवत होतं. ओरखडे पडलेली टेप आत राहिली तर मशिन बिघडेल ना!"

त्याच्या तर्कात काहीच खोट नव्हती. मोबाइलच्या काचेला स्क्रॅच पडतो, नव्या गाडीला स्क्रॅच पडतो. पण टेपांच्या व्यवसायात 'स्क्रॅच' म्हणजे जिच्यावर नवे लिहायला हरकत नाही अशी टेप. या पोराने सगळ्या धडधाकट, लिहायला मोकळ्या टेपा बाहेर काढल्या होत्या. आत आता एकही मोकळी टेप नव्हती, आणि त्या रात्रीचे बॅकअपचे काम मधेच थांबून राहिले होते. टेपा परत आत घालून, मोजदाद करून, काम पुन्हा सुरू करेपर्यंत उजाडले. नुकसान काही झाले नाही. आम्ही चहा प्यायलो आणि हसलो.

मी मात्र पूर्ण हसू शकलो नाही. का, ते पुढे सांगतो.

मी मूळचा अलिबागकडचा. शिक्षण बेताचे, संगणक शिकलो तो कामावर, दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत. नवी मुंबईतल्या एका माहिती साठवणाऱ्या केंद्रात मी सोळा वर्षे रात्रपाळी केली. त्या काळात जमवलेल्या शब्दांचा हा लेख आहे. 'टेप लायब्ररी' नावाचे यंत्र बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल, म्हणून आधी त्याची ओळख करून देतो.

कपाट, खण आणि हात

गाण्यांच्या कॅसेटी संपल्या तेव्हा टेपही संपली, असा आपला समज असतो. तो खरा नाही. मोठ्या संस्था आपल्या माहितीची राखीव प्रत आजही चुंबकीय टेपवर ठेवतात. फेब्रुवारी २०११मध्ये एका बिघाडामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली होती. गूगलने ती परत आणली ती टेपांवरून. टेप स्वस्त असते, वीज खात नाही आणि खणात पडून असताना तिच्यावर दूरवरून कोणी हल्ला करू शकत नाही.

आज सर्वांत जास्त चालते ती एलटीओ जातीची टेप. २००० साली तिची पहिली पिढी आली. तिच्या एका टेपेत शंभर गिगाबाइट माहिती मावे. २०२१च्या नवव्या पिढीत अठरा टेराबाइट मावते, म्हणजे एकशे ऐंशीपट. तळहातावर मावणाऱ्या चौकोनी डबीत अर्धा इंच रुंदीची, एक किलोमीटरहून थोडी लांब फीत गुंडाळलेली असते. तिच्यावर माहितीच्या ८,९६० समांतर रेघा बसतात. एका वेळी बत्तीस रेघा लिहिल्या जातात. टेप टोकापर्यंत जाते, थांबते, उलट फिरते आणि पुढच्या बत्तीस रेघा लिहिते. शेतात नांगर तास धरून जातो आणि बांधाशी वळतो तसे. पूर्ण भरायला अशा २८० खेपा होतात.

अशा शेकडो किंवा हजारो टेपा एका बंद कपाटात खणांमध्ये उभ्या असतात. कपाटाच्या आत रुळावर धावणारा यंत्राचा हात असतो. संगणकाने अमुक टेप मागितली की हात त्या खणापाशी जातो, टेपेच्या पाठीवरचा बारकोड तपासतो, टेप उचलतो आणि ड्राइव्हमध्ये, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या यंत्रात, चढवतो. काम झाले की उतरवून परत खणात ठेवतो. सहा हजारांच्या आसपास टेपा सांभाळणारे असे यंत्र स्टोरेजटेक या अमेरिकी कंपनीने १९८७ साली बाजारात आणले. त्याच्या वर्णनासाठी 'निअरलाइन' हा शब्द आला. मी तो नवख्यांना घरगुती उदाहरणाने सांगत असे. पानात वाढलेले ते ऑनलाइन, फडताळातले ते निअरलाइन, आणि माळ्यावर ठेवलेले ते ऑफलाइन.

या यंत्राला 'लायब्ररी' म्हणतात म्हणून एका भाषांतरात त्याचे 'फीत ग्रंथालय' झालेले मी पाहिले आहे. आमच्यात त्यावरून पुष्कळ चेष्टा चाले. मला विचाराल तर याला जवळचा शब्द आपल्याकडे तयार आहे, आणि तो म्हणजे दप्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यातले मोडी कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि रुमालाला क्रमांक असतो. अभ्यासक क्रमांक सांगतो, माणूस रुमाल काढून आणतो, काम झाले की तो परत जागेवर जातो. रुमालाच्या जागी टेप घाला, माणसाच्या जागी यंत्राचा हात घाला. टेप लायब्ररीचे काम हेच.

वस्तूचे नाव आणि अवस्थेचे नाव

सोळा वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 'ड्राइव्ह', 'बारकोड', 'केबल', 'सर्व्हर' या शब्दांनी कधी कोणाचा घोटाळा केला नाही. वस्तू समोर असते. तिच्याकडे बोट दाखवून नाव सांगितले की नाव चिकटते. मग ते इंग्रजी आहे, मराठी आहे की जपानी, याने फरक पडत नाही. घोटाळा होतो तो वस्तू कोणत्या अवस्थेत आहे, किंवा तिचे काय करायचे आहे, हे सांगणाऱ्या शब्दांनी. स्क्रॅच, एक्स्पायर, रिटायर, माउंट, एक्स्पोर्ट, व्हॉल्ट हे शब्द तसे. यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. त्यातून हे रोजच्या इंग्रजीतले साधे शब्द आहेत, आपल्याला अर्धेमुर्धे माहीत असलेले. साफ अनोळखी शब्द आला तर माणूस विचारतो. अर्धा ओळखीचा आला तर विचारत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो.

२००८ साली एका रात्री माझ्या हाती चौदा टेपांची यादी आली. वर इंग्रजीत लिहिले होते, 'रिटायर करायच्या टेपा'. रिटायर म्हणजे निवृत्त हे मला माहीत होते. या टेपांवरच्या मजकुराची सेवा संपली, आता त्यांच्यावर नवे लिहायला हरकत नाही, असा मी अर्थ लावला आणि चौदाही टेपा स्क्रॅचमध्ये टाकल्या. खरा अर्थ जवळजवळ उलटा होता. टेप झिजत आली आहे, तिच्यावरचा मजकूर आधी नव्या टेपेवर उतरवा आणि मग ती टेप वापरातून काढा. मजकूर जपायचा होता आणि टेप बाद करायची होती. मी टेप वापरात ठेवली आणि मजकूर बाद केला.

सकाळपर्यंत चौदांपैकी तीन टेपांवर नवे लिहून झाले होते. दोन टेपांवरच्या मजकुराची दुसरी प्रत निघाली. तिसरीची निघाली नाही. एका ग्राहकाने जपायला दिलेल्या जुन्या छायाचित्रांच्या प्रती तिच्यावर होत्या. त्यांतल्या कित्येकांचे मूळ कागद तोवर गेलेले होते. माझी नोकरी राहिली. ती छायाचित्रे मात्र कोणाची होती, त्यांत कोण माणसे उभी होती, हे मला कधीच कळले नाही.

पेणच्या मुलाला मी हसलो नाही ते यामुळे. त्याने टेपेकडे बघून अर्थ लावला म्हणून टेपा बाहेर आल्या. मी मजकुराकडे बघून लावला म्हणून मजकूर गेला. दोघेही एकाच खड्ड्यात पडलो होतो.

त्यानंतर मी शब्द लिहून ठेवू लागलो. 'स्क्रॅच'ला आधी 'कोरी' म्हणून पाहिले. पण ते बरोबर नव्हे. स्क्रॅच टेपेवर जुना मजकूर अजून असू शकतो. फक्त त्याची गरज उरलेली नसते. म्हणून 'मोकळी' म्हटले. मोकळी टेप कोरी असेलच असे नाही, आणि हा फरक कळलेला माणूस चुकून मोकळी झालेली टेप वेळेत थांबवून वाचवू शकतो. 'एक्स्पायर'ला 'मुदत सरली' म्हटले, आणि ती मजकुराची, टेपेची नव्हे, असे बाजूला लिहिले. 'रिटायर'पुढे मोठ्या अक्षरांत लिहिले : 'टेप बाद, मजकूर जपा'.

पाकीट, बंदर आणि गळती

टेपांचे कपाट एकटे काही करत नाही. माहिती त्याच्यापर्यंत तारांच्या जाळ्यातून येते. त्या जाळ्याचे शब्द आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना तुलनेने सोपे गेले.

जाळ्यातून माहिती सलग धारेसारखी वाहत नाही, लहान लहान तुकडे करून पाठवली जाते. तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात दिले. इतर भाषांतही सहज रुळेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. मराठीपुरता तो सल्ला शंभर नंबरी ठरला. आपल्याकडे 'पाकीट' आधीच होते, पत्ता लिहिलेले, टपालात टाकायचे.

'पोर्ट' म्हणजे बंदर हे रेवस-मांडव्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. संगणकाचा पत्ता म्हणजे गाव धरले, तर पोर्टचा क्रमांक म्हणजे त्या गावातला कोणता धक्का. टपालाचा पडाव एका धक्क्याला, मासळीचा दुसऱ्या. 'गेटवे' तर अलिबागकरांच्या रोजच्या बोलण्यातला. मांडव्याहून लाँचने निघालो की आम्ही 'गेटवेला उतरतो'. एका जाळ्यातून दुसऱ्यात शिरण्याचे जे दार, ते गेटवे. इकडचे सामान तिकडच्या रीतीने तिथे चढते-उतरते.

टेपांच्या कपाटाला जोडणारे खास जाळे असते, त्याला 'फायबर चॅनल' म्हणतात. फायबर म्हणजे काचेचा तंतू, असे आम्ही धरून चाललो होतो. पण या पद्धतीत तांब्याची तारही चालते. ते नाव तारेचे नसून बोलण्याच्या रीतीचे आहे, हे कळायला मला दोन वर्षे लागली. याच जाळ्यात 'झोनिंग' असते. कोणत्या सर्व्हरला कोणता ड्राइव्ह दिसावा, याची ती हद्द. कोळीवाड्यात कोणाची कव कुठे लागायची हे ठरलेले असते, तसेच हे.

इथेही वस्तूंच्या नावांनी त्रास दिला नाही, अवस्थेच्या नावांनी दिला. 'पॅकेट ड्रॉप झाले' असा संदेश आला की नवखा मुलगा निर्धास्त होई. पाकीट टाकले म्हणजे पेटीत पडले, आता पोचेल! खरे तर ड्रॉप म्हणजे वाटेत गळाले, पोचलेच नाही. 'टाइमआउट'चा अर्थ खेळातली विश्रांती असा घेणारेही भेटले. तो अर्थ आहे, 'वाट पाहून थकलो, उत्तर आले नाही'. मी 'ड्रॉप'पुढे 'गळाले' लिहिले, 'टाइमआउट'पुढे 'उत्तर आले नाही'. एवढ्यावर रात्रपाळीतले फोन कमी झाले.

रायगडावरचा कोश

शब्द बदलावेत की ठेवावेत, हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्यानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. ते काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे होते. कारभारातल्या चौदाशेच्या आसपास शब्दांना, बहुतेक फारसी-अरबी, त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. अष्टप्रधानांची नावेही तशीच बदलली. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती.

पुढे काय झाले पाहा. सचिव, मंत्री आणि प्रधान आज मंत्रालयात बसतात. पण पेशवा हा शब्दही गेला नाही, तो तर इतिहासाच्या एका पर्वाचे नाव झाला. मुजुमदार, डबीर, वाकनीस ही आडनावे होऊन राहिली. 'दफ्तर' फारसीतून आले, त्याचे 'दप्तर' झाले आणि ते शाळेतल्या पोराच्या पाठीवर जाऊन बसले. 'किल्ला' हटला नाही. 'दुर्ग' त्याच्या शेजारी राहिला. कोश जिंकला की हरला, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पदाचे काम काय, हे ज्याला कळायला हवे त्याला कळेल अशा शब्दात सांगणे, हा कारभाराचा भाग आहे, हे त्या कोशाने मानले. ते माझ्या दृष्टीने मोठे.

राज्य शासनाचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि तेव्हापासून परिभाषेचे मोठे काम झाले आहे. 'संगणक' आपल्या तोंडी बसला. 'डेटा'साठी काही जण 'विदा' लिहितात, तो अजून रुळतो आहे. माझी सूचना लहान आहे. वस्तूंची नावे येतील तशी येऊ द्यावीत. अवस्था आणि क्रिया यांची नावे मात्र मराठीत असावीत, कारण चूक तिथे होते. त्यासाठी नवे शब्द घडवायची गरजही फारशी पडत नाही. कपाटाला टेपा आत-बाहेर करायचा एक खण असतो. सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी पाहिलेल्या माणसाला 'आवक-जावक खण' म्हटले की पुरते. 'बॅकअप' आणि 'आर्काइव्ह' यांत लोक फार गोंधळतात. बॅकअप ही चालू मजकुराची राखीव प्रत; मूळ जागेवरच असते. आर्काइव्ह करताना मूळच तिकडे हलवतात. त्याला आपल्याकडे 'दप्तरी दाखल' हा पक्का शब्दप्रयोग आहे. दप्तरी दाखल झालेल्या कागदाची दुसरी प्रत टेबलावर नसते, हे कचेरीत खेटे घातलेला प्रत्येक जण जाणतो.

अलिबागची चुंबकीय वही

शब्दांना एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारले की मी अलिबागच्या वेधशाळेचे उदाहरण देतो.

मुंबईत कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकीय मोजमाप बिघडले असते. वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेसाठी अलिबाग निवडले. तिथे लोखंड टाळून इमारत उभी राहिली आणि १९०४ साली काम सुरू झाले. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे कुलाब्याचे आकडे आणि अलिबागचे आकडे यांचे नाते कायमचे नोंदले गेले. ते केले नसते तर आज एक सलग वही न राहता दोन तुटक वह्या उरल्या असत्या.

या वहीचे मोल २००३ साली कळले. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले होते. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली होती. ते किती मोठे होते, हे कुलाब्याच्या छापील नोंदींवरून अमेरिकी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी मिळून काढले. चुंबकत्वाची घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला निघाली. ही संस्था आता आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी ते आकडे वाचता आले, कारण आकड्यांच्या शेजारी कोणते उपकरण, कोणती वेळ, कोणते परिमाण हे लिहिलेले होते. नुसते आकडे टिकून उपयोग नव्हता. ते कशाचे, हे सांगणारे शब्दही टिकले.

टेपेचेही तसेच आहे. टेपेच्या पाठीवर आठ अक्षरांचा बारकोड असतो, सहा तिच्या ओळखीची आणि दोन तिच्या जातीची. त्या सहा अक्षरांपुढे काय आहे, हे संगणकातली सूची सांगते. सूची गेली की हजार टेपांचे कपाट म्हणजे रुमालांवरचे क्रमांक पुसलेले दप्तर. आणि सूची असून तिच्यातला 'रिटायर' वाचणाऱ्याला कळला नाही, तर काय होते, ते मी केलेले आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. नोकरी सोडून मी वर्षभरापूर्वीच गावी आलो होतो. कौले उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती आणि नेटवर्कही नव्हते. त्या दिवसांत दिवसाच्या उजेडात ओटीवर बसून मी सुट्या चिठ्ठ्यांवरचे शब्द एका जाड वहीत उतरवले. साठ-सत्तर शब्द झाले. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या : तो कशाबद्दल आहे, तो ऐकल्यावर हाताने काय करायचे, आणि काय अजिबात करायचे नाही.

पेणचा तो मुलगा आता त्याच व्यवसायात पाळीचा प्रमुख आहे. मागच्या वर्षी गणपतीत घरी आला तेव्हा वही मागून घेतली आणि फोनवर तिची छायाचित्रे काढली. म्हणाला, "दादा, नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच वाचायला देतो." पाने उलटताना तो 'रिटायर'पाशी थांबला. "एवढ्या मोठ्या अक्षरांत का लिहिलंय हे?"

त्या रात्रीची गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. त्याला सांगितली.